दारात झुलणारा जर्मन हत्ती

सकाळी सात वाजता बाहेर येऊन पाहतो तर मेव्हण्याच्या दारात गाडी बसली होती. रात्री लावली तेव्हा चारही चाकांवर नीट उभी होती. आता तिची पुढची डावी बाजू थेट जमिनीला टेकायला आलेली, दमलेल्या बैलाने एक गुडघा टेकावा तशी. मी घाबरून मेव्हण्याला हाक मारली. तो दात घासता घासता म्हणाला, "दाजी, काही नाही. चालू केली की उठते." मग त्याने आत बसून बटण दाबले, पोटाखालून कसलीशी घुरघुर सुरू झाली आणि मिनिटभराने ती गाडी कुंथत कुंथत उठली. समोरच्या चाळीतली चार पोरे कट्ट्यावर बसून हे बघत होती. रोज बघतात म्हणे. शाळेच्या आधीचा त्यांचा हा कार्यक्रम आहे.

हे उधन्यात घडले, गेल्या मे महिन्यात. वाचकहो, उधना म्हणजे सुरतेच्या दक्षिणेला लागून असलेले आणि आता सुरतेतच पुरते मिसळून गेलेले मागांचे गाव. जळगावहून निघणारा लोहमार्ग अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर असे करीत इथे येऊन मुंबईच्या मुख्य मार्गाला मिळतो. त्याच मार्गाने खानदेशातली माणसे पिढ्यान् पिढ्या यंत्रमागावर कामाला येत राहिली. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत फिरलात तर गुजराती पाट्यांखाली अहिराणी कानावर पडते. आम्हा गोवेकरांना गोव्याबाहेरची मराठी म्हटली की पुणे-मुंबई आठवते, फार तर बेळगाव. उधन्याची मराठी आमच्या नकाशात नसते. माझ्याही नव्हती. बायको अमळनेरची मिळाली म्हणून आली, इतकेच!

तर हा मेव्हणा. त्याचे वडील मागावर बारा बारा तास उभे राहिले. हा स्वतः सोळाव्या वर्षी मागांना तेल घालायच्या कामाला लागला, पुढे मिस्त्रीच्या हाताखाली शिकला, आणि आज उद्योगनगराजवळ त्याचे मागांच्या सुट्या भागांचे दुकान आहे. दहा बाय पंधराची जागा. भिंतीभर खण, खणाखणांत धोटे, पिकर, बॉबिन, बेअरिंगे, दातेरी चाके, स्प्रिंगा. कोणी तेलकट हातात मोडका तुकडा घेऊन येतो, हा तुकडा बघतो, न बोलता मागे वळतो आणि तसाच नवा तुकडा काउंटरवर ठेवतो. पाच रुपयांचा वायसर हवा असेल तर पाच रुपयांचा वायसरच मिळतो. त्यासाठी कोणी त्याला अख्खे चाक विकत घ्यायला लावत नाही. रात्री अकराला माग बंद पडला तरी बाराला तो चालू होऊ शकतो, तो या अशा दुकानांमुळे. सुरतेचे कापड यांच्या जिवावर उभे आहे असे मी म्हणालो तर तो लाजतो.

आणि या माणसाने, सुट्या भागाची किंमत ज्याला श्वासासारखी माहीत आहे त्याने, अशी गाडी घेतली की जिच्यात काहीही सुटे मिळत नाही!

गाडीचे नाव मी लिहीत नाही, विकणाऱ्याचेही नाही. जर्मन बनावटीची, डिझेलवर चालणारी, काळी, लांबलचक. २०१३ सालची. नवी असताना रस्त्यावर यायला पन्नास लाखांच्या वर लागले असतील. मेव्हण्याला ती ८ लाख ७५ हजारांना पडली. मीटरवर ७८ हजार किलोमीटर. आली दिल्लीकडून. दिल्ली परिसरात दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्या चालवायला राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली मनाई केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली, आणि २०२५ मध्ये त्यात फेरफारही झाले. पण मधल्या काळात तिथल्या श्रीमंतांच्या गाड्या ना हरकत दाखला घेऊन देशभर पांगल्या. आमच्या गोव्यातही आल्या. पर्वरीच्या सिग्नलला उभे राहा, दिसतील.

का घेतली? मीही पहिल्यांदा हेच विचारले, आणि सरकारी कारकुनाच्या सुरात विचारले. त्याने उत्तर दिले ते माझ्या जिव्हारी लागले. काही वर्षांपूर्वी तो एका व्यापाऱ्याच्या घरच्या लग्नाला गेला होता. रीतसर आमंत्रण होते. बायको-मुलीला रिक्षाने पुढे पाठवून हा स्कूटरवर गेला. फाटकावरच्या रखवालदाराने त्याला वरून खाली पाहिले, बोलणे ऐकले आणि मागच्या फाटकाने आत जायला सांगितले, जिथून स्वयंपाकाची माणसे जात होती. "दाजी, मी काही बोललो नाही. मागच्या फाटकाने गेलो, जेवलो, पाकीट दिले आणि आलो. पण त्या रात्री ठरवले." चाळीस वर्षे ज्या शहरात राहिलो, जिथे दुकान आहे, कर भरतो, मते देतो, तिथे आपण अजून मागावरचेच, हे त्याला रखवालदाराने सांगितले. त्याचे उत्तर त्याने ८ लाख ७५ हजारांना विकत घेतले.

म्हणून या लेखात त्याला हसायचे नाही. हसायचे असेल तर दुसरी पुष्कळ मंडळी आहेत.

मी फायली सांभाळणारा माणूस. हातात कागद नसला तर मला राग नीट येत नाही. म्हणून मेव्हण्याकडून चौदा महिन्यांच्या पावत्या मागितल्या. त्याने बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा आणून ठेवला. दुपारभर बसून मी हिशेब लिहिला. पुढच्या दोन हवेच्या स्ट्रटांसाठी १ लाख ५५ हजार. हे बाहेरच्या गॅरेजचे, दुरुस्त करून बसवलेल्या मालाचे बिल. अधिकृत ठिकाणी त्याच कामाचे अंदाजपत्रक ४ लाख १० हजारांचे निघाले होते. ते वाचून मेव्हणा खुर्चीत बसला होता तो पाणी मागून मगच उठला. हवेचा कॉम्प्रेसर आणि रिले ६२ हजार. गिअरबॉक्सचा इलेक्ट्रॉनिक भाग १ लाख ४८ हजार. चार टायर ७२ हजार. बॅटरी २६ हजार. इंजिनातली तेलगळती, इंजिनाचे माउंट वगैरे ५४ हजार. एक हेडलाइट, तोही कुठल्यातरी अपघातातल्या गाडीचा काढलेला, ६८ हजार. बेरीज ५ लाख ८५ हजार. म्हणजे ८ लाख ७५ हजारांची गाडी चौदा महिन्यांत १४ लाख ६० हजारांची झाली. आणि तरीही ती सकाळी बसलेली असते, कारण दुरुस्त केलेला डावा स्ट्रट पुन्हा गळू लागला आहे.

इथे जरा थांबून ही बसण्याची भानगड समजून घेऊ, कारण सगळ्या दुखण्यांचे मूळ तिच्यात दिसते. साध्या गाडीला पोलादाच्या स्प्रिंगा असतात. या गाड्यांपैकी अनेकींना त्या जागी रबराच्या पिशव्या असतात, त्यांत कॉम्प्रेसर हवा भरतो. खड्डा आला तर राजाला कळत नाही, इतकी मऊ चाल. पण रबर ते रबर. दहा-बारा वर्षांत ऊन, चिखल, मीठ खाऊन त्याला चिरा पडतात. रात्रभर हवा झिरपते, सकाळी गाडी बसते. मग कॉम्प्रेसरला रोज दुप्पट-तिप्पट काम पडते आणि तो जळतो. मालक नवा कॉम्प्रेसर घालतो, पिशवी तीच ठेवतो, तर नवाही जळतो. मेव्हण्याने नेमके हेच केले होते; कॉम्प्रेसर आधी बदलला, स्ट्रट मागाहून. मागाच्या बाबतीत गिऱ्हाइकाने असे केले असते तर याने त्याला दुकानातून हाकलले असते. पण गाडीपुढे तो नुसता मालक होता. सगळ्या मालकांसारखा भेदरलेला.

आता मुद्द्याचे. जुनी आलिशान गाडी स्वस्त असते, हे सरळ खोटे आहे. गाडी विकताना तिची किंमत पडते, तिच्या भागांची किंमत पडत नाही. पन्नास लाखांच्या गाडीचा स्ट्रट, गिअरबॉक्स, हेडलाइट हे सगळे बारा वर्षांनीही पन्नास लाखांच्या गाडीचेच राहतात. पहिला मालक वॉरंटी संपते तेव्हा गाडी काढतो. तो मूर्ख नसतो. त्याच्याजवळ हिशेबनीस असतो. दुसरा मालक मोठे काम निघायच्या सुमारास काढतो. तिसरा मालक आपण. आपण घेतो ती त्या दोघांनी न भरलेली बिले, वर बोनेटवरचे चिन्ह. एवढी साधी वजाबाकी आपल्याला करता येत नाही असे नाही. आपल्याला ती करायची नसते.

कंपन्यांची बाजू मांडणारे म्हणतील की देखभाल नीट ठेवली तर या गाड्या वर्षानुवर्षे चालतात. बरे, देखभाल म्हणजे काय ते पाहू. बऱ्याच जर्मन गाड्यांत झेडएफ या कंपनीचा आठ गिअरांचा स्वयंचलित गिअरबॉक्स असतो. गाडी बनवणारे सांगत आले की यातले तेल आयुष्यभराचे आहे, बदलायची गरज नाही. आणि गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः काय सांगते? ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदला. तेव्हा ते आयुष्य कोणाचे? माझा संशय असा की ते वॉरंटीचे.

बीएमडब्ल्यूच्या एन-४७ नावाच्या दोन लिटर डिझेल इंजिनाचे उदाहरण जगभरच्या मेकॅनिकांना पाठ आहे. टायमिंग चेन हा झिजणारा भाग. तो त्यांनी इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सकडच्या बाजूला बसवला. चेन सैल झाली की तिच्यापर्यंत पोचायला गिअरबॉक्स नाहीतर इंजिनच बाहेर काढावे लागते. मर्सिडीझच्या सहा सिलिंडरच्या ओएम-६४२ डिझेलमध्ये ऑइल कूलरचे सील इंजिनाच्या दोन ओळींच्या बेचक्यात, तळाशी आहेत. सील स्वस्त. पण वरचा टर्बोपासूनचा सगळा संसार उचलल्याशिवाय हात पोचत नाही. त्याच कंपनीच्या २००२ नंतरच्या ई-क्लासमध्ये ब्रेकची अशी एक इलेक्ट्रॉनिक यंत्रणा होती की तिच्यातला संगणक ब्रेक किती वेळा दाबला ते मोजत असे, आणि ठरलेला आकडा भरला की धोक्याची सूचना देऊन युनिट बदलायला सांगत असे. २००४ साली सुमारे ६ लाख ८० हजार गाड्या तपासणीसाठी परत बोलवाव्या लागल्या, आणि २००६ च्या सुधारित मॉडेलात हा प्रकारच गुपचूप वगळून पुन्हा साधे ब्रेक आले. २०१८ मध्ये दक्षिण कोरियात बीएमडब्ल्यूच्या डिझेल गाड्या रस्त्यात पेट घेऊ लागल्या. ईजीआर कूलरची गळती हे कारण सांगून कंपनीने तिथल्या १ लाखावर गाड्या बोलावल्या. ही कंपन्यांची बदनामी नाही, सगळे जाहीर झालेले आहे. मला म्हणायचे ते इतकेच की कोरियातल्या नव्या मालकाला कंपनीचे पत्र आले. उधन्यातल्या तिसऱ्या मालकाला कोण पत्र पाठवतो? त्याचा पत्ता कंपनीच्या दप्तरात नसतोच.

सुरक्षिततेचा मुद्दाही इथेच मोडतो. "अहो, पण आठ एअरबॅग आहेत!" हे वाक्य मी आमच्या कार्यालयात निदान तिघांच्या तोंडून ऐकले आहे. टाकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगांची कथा वाचा. त्यांतले रसायन उष्णता आणि दमटपणाने वर्षांगणिक बिघडत जाई, आणि मग पिशवी उघडताना धातूचे तुकडे माणसाच्या अंगात घुसत. जगभर कोट्यवधी एअरबॅगा बदलाव्या लागल्या, जर्मन गाड्यांतल्याही, आणि २०१७ साली ती कंपनी दिवाळखोरीत गेली. उष्णता आणि दमटपणा! सुरत आणि गोवा यांच्याकडे दुसरे आहे काय? वर विकणारे हुशार लोक डॅशबोर्डावरचा एअरबॅगचा लाल दिवा दोन रुपयांच्या रेझिस्टरने विझवून देतात. दिवा विझला म्हणजे रोग गेला, असे समजून आपण पेढे वाटतो.

आता खरा राग कोणावर, ते सांगतो. भारतीय स्पर्धा आयोगाकडे २०११ साली एका नागरिकाने तक्रार केली की गाड्यांच्या कंपन्या सुटे भाग आणि दोष शोधायची उपकरणे खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, त्यामुळे माणूस कंपनीच्याच दारात अडकतो. आयोगाने चौकशी केली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्या यादीत देशी होत्या, परदेशी होत्या, मर्सिडीझ आणि बीएमडब्ल्यूही होत्या. प्रकरण अर्थातच न्यायालयांत गेले. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टल काढले. मी सरकारी नोकर आहे, पोर्टल निघाले की पुढे काय होते ते मला विचारू नका. उधन्यातल्या गॅरेजवाल्याकडे आजही स्कॅनर आहे तो नकली. त्याला अर्धे कोड वाचता येतात, अर्धे येत नाहीत. तो माणूस अडाणी म्हणून नव्हे. त्याला कुलूप लावून बाहेर ठेवले आहे म्हणून. नवी बॅटरी बसवली तरी गाडीच्या संगणकाला ती "ओळखवून" द्यावी लागते. बॅटरीची ओळखपरेड! हेडलाइटच्या आतला एक छोटा मॉड्यूल गेला तर बहुतेक ठिकाणी अख्खा हेडलाइट घ्यायला सांगतात. पिकर मोडला तर अख्खा माग घ्या, असे मेव्हण्याने कोणा विणकराला सांगितले असते तर संध्याकाळपर्यंत त्याच्या दुकानाला कुलूप लागले असते.

आमच्या गोव्यात याच घराण्याच्या गाड्यांचा एक वेगळा काळ होऊन गेला. पोर्तुगीज अमदानीत परदेशी गाड्या इथे सहज येत. मुक्तीनंतरही कितीतरी वर्षे जुन्या डिझेल मर्सिडीझ टॅक्सी म्हणून धावत. वडील सांगायचे की म्हापशाच्या बाजारात त्या टॅक्सीत आठ माणसे, दोन कोंबड्या आणि एक फणस मावत असे. त्या गाड्या वीस-पंचवीस वर्षे कशा टिकल्या? गावच्या मेस्ताला त्या उघडता येत होत्या म्हणून. पाना, हातोडी, डिझेलने काळे झालेले हात. एखादा भाग मिळाला नाही तर तो लेथवर कातून घ्यायचा. तीही जर्मनच गाडी होती ना? मग ती गरिबाला पोसत होती आणि आजची गरिबाला खाते, यात तंत्रज्ञानाची प्रगती किती आणि विकण्याची युक्ती किती, हे एकदा तपासायला नको? आणि गंमत पाहा. मर्सिडीझ इथे १९९५ पासून पुण्याजवळ पिंपरीला जोडली जाऊ लागली, २००९ पासून चाकणला. ऑडी औरंगाबादेजवळ शेंद्र्याला. म्हणजे या गाड्यांचे बोल्ट आवळणारे हात आपल्याच पोरांचे. पण तोच पोरगा उद्या गावात गॅरेज टाकून बसला तर गाडीचे कुलूप त्याला उघडता येणार नाही.

कंपन्यांना शिव्या देऊन झाल्या. आता आपले बघू. कोणी मेव्हण्याच्या गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. आणि मी तरी कोण मोठा शहाणा? त्याच आठवड्यात नवापूरजवळ एका नातेवाइकाचे लग्न होते. मी मागच्या आसनावर बसलो. काळ्या काचा, थंडगार हवा, चामड्याचा वास. मांडवापाशी उतरलो तर चार अनोळखी माणसांनी वाकून नमस्कार केला, एकाने "साहेब" म्हटले. तेवीस वर्षे कारकुनी केली, साहेब कोणी म्हटले नव्हते! मला ते आवडले. खोटे कशाला बोलू? परतताना मी काच थोडी खाली घेतली होती, लोकांना आत कोण आहे ते दिसावे म्हणून. हा रोग माझ्यातही आहे, म्हणून तर इतका चिडून लिहितो आहे.

आपल्या समाजात माणूस स्वतः किती वाचतो, काय करतो, कोणाच्या अडीअडचणीला उभा राहतो, याला फाटकावर किंमत नाही. फाटकावर गाडी बघतात. गोव्यात तर याची साथ आली आहे. आमच्या वाड्यावर एक गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे अशीच एक गाडी निळ्या ताडपत्रीखाली गेली दोन वर्षे उभी आहे. दुरुस्तीचा अंदाज तीन लाख निघाला तेव्हापासून. वाट इतकी अरुंद की ती गाडी आत आली कशी हेच कोडे आहे. पावसाळ्यात तिच्याखाली कुत्री वितात. पण ताडपत्रीचे पुढचे टोक मुद्दाम दुमडून ठेवलेले असते, बोनेटवरचे चिन्ह दिसेल इतके! पूर्वी म्हणत, दारी हत्ती झुलतात. झुलणाऱ्या हत्तीला चारा लागतो हे म्हणीत सांगितलेले नसते.

ज्याला घ्यायचीच आहे त्याने निदान एवढे करावे. गाडी रात्री सपाट जागी लावायला सांगावी आणि सकाळी स्वतः जाऊन चारही चाकांवरचे अंतर बोटांनी मोजावे. इंजिन आपल्यासमोर थंड असताना चालू करावे. आधीच गरम करून ठेवलेले असेल तर नमस्कार करून निघावे. चासी नंबर घेऊन कंपनीच्या दप्तरातली सर्व्हिसची नोंद मागावी, मीटरवर विश्वास ठेवू नये. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. आतल्या टोकाला गाळाची रेघ दिसली तर ती गाडी पुरात बसून आलेली आहे. २००५ च्या जुलैत मुंबईत, २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीच्या पुरात खुद्द सुरतेत हजारो गाड्या बुडाल्या, आणि पुराच्या गाड्या धुऊन-पुसून दूरच्या गावी विकायचा धंदा तेव्हाही झाला, प्रत्येक पुरानंतर होतो. पाण्यात बुडालेले संगणक दोन वर्षांनी सूड घेतात. आणि सर्वांत महत्त्वाचे: गाडीच्या किमतीइतकी रक्कम बँकेत बाजूला आहे का ते पाहावे. नसेल तर ती गाडी आपल्याला परवडत नाही, हप्ता कितीही लहान असो.

हे सगळे मी मेव्हण्याला त्या दुपारी बोललो. तो ऐकत होता. हिशेबाचा कागद त्याने दोनदा वाचला. मग आतल्या खोलीकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "दाजी, बेरीज बरोबर आहे. पण एक रक्कम राहिली." भाची फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या फीसाठी ठेवलेले १ लाख १० हजार गिअरबॉक्सच्या बिलात गेले होते. भिशी आधीच उचललेली. कॉलेजने मुदत दिली होती ती पंधरा दिवसांत संपणार होती. पोरीला हे माहीत होते. ती घरात कोणाला काही बोलत नव्हती. संध्याकाळी चहा आणून दिला तेव्हा सहज विचारल्यासारखे मला म्हणाली, "फुवा, एक वर्ष ड्रॉप घेतला तर चालतो ना? पुष्कळ जणी घेतात."

गोव्यात परतल्यावर मी भविष्य निर्वाह निधीतून उचल घेण्याचा अर्ज केला. कारणाच्या रकान्यात काय लिहायचे यावर बराच विचार केला आणि 'घरदुरुस्ती' असे लिहिले. फी भरली. मेव्हणा महिन्याला पाच हजार पाठवतो, एकदाही चुकलेला नाही. पैशांबद्दल माझी तक्रार नाही. त्या पोरीने तो प्रश्न ज्या आवाजात विचारला त्याबद्दल आहे, आणि तो आवाज ज्यांनी आणला त्या सगळ्यांबद्दल आहे: फाटकावरचा रखवालदार, त्याला तसे शिकवणारे शेठ, आयुष्यभराचे तेल विकणारे, "एकदम कंडिशनमध्ये" म्हणणारा दलाल, आणि काच खाली घेऊन बसलेला मी.

मेव्हणा आता गाडी विकायला निघाला आहे. सुरतेत साडेतीन लाखांच्या वर कोणी बोलत नाही. परवा त्याचा फोन आला. "दाजी, तुमच्या गोव्यात गिऱ्हाईक असेल तर बघा ना. तुमच्याकडे अशा गाड्यांना मान आहे म्हणतात." मी नाही म्हणणार होतो. पण फोन चालू असतानाच शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने कान टवकारले होते. मी फोन ठेवताच त्याने विचारले, "कुठली गाडी? कितीला?" त्याच्या मुलाचे लग्न डिसेंबरात आहे.

मी त्याला गाडीचे फोटो पाठवले आहेत. सोबत मेव्हण्याच्या हिशेबाच्या कागदाचाही फोटो पाठवला. फोटो छान आले आहेत, असे त्याचे उत्तर आले. कागदाबद्दल त्याने अजून काही लिहिलेले नाही.